आवाजाचा ताळेबंद



रात्री दुकान वाढवून मंडळी घरी आली की तास-दोन तास सर्वांनी एकत्र बसून एखादा चित्रपट पाहावा, ही रीत आता अनेक कुटुंबांत रुळली आहे. त्यासाठी दिवाळीच्या किंवा वास्तुशांतीच्या निमित्ताने पाच लहान स्पीकर आणि एक मोठे खोके असलेला होम थिएटरचा संच घरात येतो. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. त्यानंतर मात्र घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. पडद्यावरील पात्रे हळू बोलू लागली की मुलगा रिमोट घेऊन आवाज वाढवतो. पुढच्याच क्षणी स्फोट होतो, शोकेसच्या काचा थरथरतात आणि तोच हात घाईघाईने आवाज खाली आणतो. दोन तासांत हा प्रकार वीस-पंचवीस वेळा घडतो. घरातील ज्येष्ठ माणसे "आम्हाला काही कळत नाही, तुम्ही पाहा" असे म्हणून आतल्या खोलीत निघून जातात, आणि एकत्र बसण्याचा मूळ हेतूच बाजूला पडतो.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय एकच असतो, तो म्हणजे जुना संच काढून दुप्पट-तिप्पट किमतीचा नवा आणणे. घरातील खर्चाकडे हिशेबाच्या नजरेने पाहणे हा या सदराचा नेम असल्याने, हा खर्च करण्यापूर्वी वाचकांनी चार गोष्टी तपासाव्यात, असे मी सुचवीन. बारा-पंधरा हजारांच्या संचातूनही समतोल आवाज मिळू शकतो. आपल्या जुन्या वहीपद्धतीत आधी कीर्द, मग खतावणी, मग तेरीज आणि शेवटी ताळेबंद असा क्रम असे. कीर्दच चुकली तर तेरीज जुळत नाही. आवाजाचेही तसेच आहे. येथेही क्रम पाळावा लागतो.

संवाद का बुडतात?

प्रथम रोगाचे निदान करू. आवाज डेसिबल या एककात मोजतात, आणि ही मोजणी आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी चालत नाही. तीन डेसिबल वाढवायचे तर दुप्पट वीजशक्ती लागते. दहा डेसिबल वाढवायचे तर दहापट शक्ती लागते, आणि इतके करूनही कानाला आवाज सुमारे दुप्पटच झाल्यासारखा वाटतो.

चित्रपटगृहासाठी ध्वनिमिश्रण करताना एक ठरलेली पातळी पाळतात. प्रत्येक मुख्य स्पीकर ८५ डेसिबलला जुळवलेला असतो आणि त्यावर आणखी २० डेसिबलची मोकळीक राखलेली असते. म्हणजे ऐन स्फोटाच्या क्षणी एका स्पीकरमधून १०५ डेसिबलपर्यंत आवाज येऊ शकतो. खर्जासाठी असलेल्या स्वतंत्र वाहिनीची मर्यादा तर ११५ डेसिबलपर्यंत जाते. कुजबुज आणि स्फोट यांच्यातील हे अंतर हेतुपुरस्सर ठेवलेले असते. शांत, अंधाऱ्या चित्रपटगृहात ते रंगतही आणते. परंतु घरात या पातळीवर कोणीच ऐकत नाही, ऐकूही नये. आपण एकूण आवाज वीस-पंचवीस डेसिबलने खाली आणतो. तेव्हा स्फोट घरात सोसण्याजोगा होतो खरा, पण कुजबुज मात्र पंख्याच्या आणि रस्त्यावरच्या आवाजाखाली गाडली जाते. दोष संचाचा नसतो. मोठ्या सभागृहासाठी आखलेला हिशेब आपण बारा फुटी दिवाणखान्यात मांडत असतो.

दुसरे कारण माणसाच्या कानात आहे. बोलण्यातील स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे तुलनेने खालच्या कंपनसंख्येचे आणि जोरकस असतात. शब्दाची ओळख पटवणारी क, त, ठ, स, श, फ ही व्यंजने मात्र क्षीण असतात आणि त्यांचा बराचसा भाग २००० ते ४००० हर्ट्झ व त्याहून वरच्या पट्ट्यात असतो. वय वाढते तशी कानाची शक्ती प्रथम याच वरच्या पट्ट्यात कमी होते. म्हणून ज्येष्ठांना आवाज येतो, पण शब्द उमटत नाही. फोनवर भाव विचारताना "सात" म्हटले की "साठ", याचा घोळ झाल्यास काय होते ते व्यापाऱ्याला सांगायला नको. चित्रपट पाहताना आजोबांचा असाच घोळ दर वाक्याला होत असतो. त्यात खर्जाचा घुमारा जास्त असेल तर तो वरच्या पट्ट्यातील नाजूक ध्वनी झाकून टाकतो. आजोबांसाठी सगळाच आवाज वाढवला, तर झाकणाराही तितकाच वाढतो. म्हणून उपाय आवाज वाढवण्यात सापडत नाही; वेगवेगळ्या आवाजांचे परस्पर प्रमाण सुधारावे लागते.

पहिली पायरी : जोडणी

खोक्यावर लिहिलेल्या ५.१ या आकड्याचा अर्थ असा : समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन, बाजूचे किंवा मागचे दोन, मिळून पाच वाहिन्या, आणि ".१" म्हणजे केवळ सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी राखलेली मर्यादित वाहिनी. चित्रपटातील बहुतांश संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. बोलपटाच्या पहिल्या काळापासून स्पीकर पडद्यामागे ठेवून पडद्याला बारीक छिद्रे पाडण्याची पद्धत पडली, ती पात्राच्या तोंडूनच शब्द यावेत म्हणून. पुढे १९९२ साली डॉल्बी डिजिटल पद्धती चित्रपटगृहांत आली. तिच्यातही मधल्या वाहिनीचे हे काम कायम राहिले.

आता प्रश्न असा की, या स्वतंत्र वाहिन्या आपल्या संचापर्यंत पोहोचतात का? दूरदर्शन संच आणि होम थिएटर यांना जोडणारी तार जर लाल-पांढऱ्या टोकांची जुनी तार असेल, तर तिच्यातून फक्त दोन वाहिन्या जातात. ब्लूटूथने जोडल्यासही सर्वसाधारणपणे दोनच. मग संच त्या दोनांतून पाच "बनवतो", आणि संवाद सगळीकडे पसरून पातळ होतात. स्वतंत्र वाहिन्या हव्या असतील तर ऑप्टिकल तार किंवा एचडीएमआयची "एआरसी" असे लिहिलेली खाच वापरावी. तारेची किंमत काही शे रुपये असते. त्यानंतर टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये जाऊन "बिटस्ट्रीम", "पासथ्रू" किंवा "ऑटो" यांपैकी जो पर्याय असेल तो निवडावा. "पीसीएम" निवडल्यास बहुतेक टीव्ही पुन्हा दोनच वाहिन्या पाठवतात. अ‍ॅपवर चित्रपट पाहताना भाषेच्या यादीत "५.१" असे लिहिलेला ध्वनिपट्टा असल्यास तो घ्यावा.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. बाजारात ५.१ म्हणून विकले जाणारे काही स्वस्त संच डॉल्बी डिजिटल मुळात उलगडूच शकत नाहीत. त्यांना पाच स्पीकर असतात, पण एचडीएमआय किंवा ऑप्टिकल खाच नसते. आपला संच तसा असेल, तर मागचे दोन स्पीकर बंद करून समोरच्यांवर लक्ष केंद्रित करणे अधिक हिताचे. याउलट घरात फक्त दोनच स्पीकर असतील, तर अ‍ॅपमध्ये "स्टिरिओ" पट्टा निवडणे योग्य. पाच वाहिन्यांचे दोनांत एकत्रीकरण करताना मधली वाहिनी सहसा तीन डेसिबल कमी करून डावी-उजवीकडे वाटली जाते, आणि भोवतीच्या गलक्यात ती आणखी मागे पडते. स्टिरिओसाठी वेगळे मिश्रण उपलब्ध असेल तर त्यात संवाद अधिक सांभाळलेले असण्याचा संभव असतो.

जुने मराठी-हिंदी चित्रपट एकाच वाहिनीत ध्वनिमुद्रित झालेले असतात. त्यांच्यासाठी रिमोटवर "प्रो लॉजिक" असा पर्याय असल्यास तो लावावा. संवाद मधल्या स्पीकरमधून स्वच्छ येतात. "हॉल", "स्टेडियम", "कॉन्सर्ट" असे जे कृत्रिम घुमाऱ्याचे पर्याय असतात ते चित्रपट पाहताना बंदच ठेवावेत.

दुसरी पायरी : मांडणी

संच बसवायला येणारा माणूस वेळ वाचवण्यासाठी पाचही स्पीकर छताजवळ ठोकून जातो, किंवा गृहिणीच्या सोयीसाठी मधला स्पीकर शोकेसच्या खणात खोल सरकवला जातो. दोन्ही गोष्टी संवादाच्या मुळावर येतात. खणात ठेवलेल्या स्पीकरचा आवाज पेटीत बोलल्यासारखा घुमतो, आणि समोरच्या फळीवर आपटून अस्पष्ट होतो.

मधला स्पीकर टीव्हीच्या लगेच खाली, फळीच्या पुढच्या कडेला, तोंड बाहेर काढून ठेवावा. बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. स्पीकर त्याहून खाली असेल तर पुढच्या बाजूला खाली रबराचा तुकडा किंवा लाकडी पाचर देऊन त्याचे तोंड कानाकडे वळवावे. डावा-उजवा स्पीकर कानाच्याच उंचीवर असावेत, आणि आसन, डावा व उजवा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. बैठक टीव्हीपासून नऊ फुटांवर असेल तर दोघांतील अंतरही नऊ फुटांच्या आसपास असावे. मागचे दोन आसनाच्या बाजूला पण जरा मागे, कानापेक्षा एक-दोन फूट उंच असावेत.

या मोजमापासाठी कोणते आसन धरावे? बहुतेक घरांत मधल्या सोफ्यावर मुले असतात आणि ज्येष्ठांची खुर्ची कोपऱ्यात, बाल्कनीच्या दाराशी, नेमकी मागच्या स्पीकरच्या कुशीत असते. त्यांच्या कानाशी पावसाचा आणि गर्दीचा आवाज मोठा, संवाद दूरचा, अशी स्थिती होते. ज्यांना शब्द पकडणे सर्वांत जड जाते, त्यांच्याच वाट्याला घरातील सर्वांत वाईट जागा येते. माझा आग्रह असा की, ज्येष्ठांची खुर्ची मध्यावर आणावी आणि फीत तेथूनच धरावी. तरुण कान बाजूला बसूनही निभावून नेतात.

तारा जोडताना लाल टोक लाल खाचेत आणि काळे काळ्यातच गेले आहे, हे प्रत्येक स्पीकरला पाहावे. एखाद्याची उलटापालट झाल्यास स्पीकर बंद पडत नाही, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण दोन स्पीकर परस्परांचा आवाज खाऊ लागतात आणि खर्ज पातळ होतो.

तिसरी पायरी : मोजणी

आता तेरीज. बहुतेक संचांत "टेस्ट टोन" नावाची सोय असते. ती सुरू केली की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने धबधब्यासारखा सपाट आवाज येतो. मोबाइलवर ध्वनिपातळी मोजणारे एखादे मोफत अ‍ॅप घ्यावे, ठरवलेल्या आसनावर कानाच्या उंचीला फोन धरावा, आणि पाचही स्पीकरचे आकडे टिपावेत. मोबाइलचा आकडा तंतोतंत खरा नसतो. परंतु आपल्याला तुलना करायची आहे, आणि एकाच तराजूने पाचही माप घेतल्यास तुलना विश्वसनीय ठरते. मधल्या स्पीकरवर ७० ते ७५ डेसिबल दिसेल इतका आवाज ठेवून बाकीचे चार त्याच आकड्यावर आणावेत. आसनाजवळचे मागचे स्पीकर बहुधा बरेच कमी करावे लागतात.

स्पीकरचे अंतर नोंदवण्याची सोय असेल तर तेही फितीने मोजून भरावे. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे एक फूट जातो. जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि दूरच्याचा नंतर पोहोचू नये, म्हणून संच जवळच्याला तितका थांबवून धरतो.

सर्व समान झाल्यावर मधला स्पीकर दोन ते तीन डेसिबलने वाढवावा. शास्त्रशुद्ध मोजणीच्या दृष्टीने हा पक्षपात आहे, पण घरगुती पातळीवर ऐकताना तो रास्त पक्षपात आहे. संवाद उचलून धरले गेले की एकूण आवाज वाढवण्याची गरजच कमी होते, आणि त्यामुळे स्फोटही आपोआप आटोक्यात राहतात. पाच-सहा डेसिबलपर्यंत जाऊ नये. मग गाणी आणि पार्श्वसंगीत एका बिंदूत गोळा झाल्यासारखे वाटते.

चौथी पायरी : खर्जाचे खोके

सबवूफर म्हणजे संचातील सर्वांत मोठे खोके, आणि बेतालपणाचे बहुतेक मूळ तेथेच असते. दुकानात ग्राहकावर छाप पडावी म्हणून त्याची कळ पुढे ठेवलेली असते आणि घरीही ती तशीच राहते.

खर्जाच्या लहरी फार लांब असतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणून ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या पुढे जाते. आपला दिवाणखाना तिच्यापेक्षा लहान. अशी लहर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून काही जागी दुप्पट होते आणि काही जागी जवळजवळ नाहीशी होते. पंधरा फूट लांबीच्या खोलीत हा प्रकार साधारण ३७-३८ हर्ट्झला, आणि दहा फूट रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास घडतो. त्यामुळे एकाच सोफ्यावर एकाला छातीत धडधड आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे होते. खोके कोपऱ्यात ठेवल्यास तीन पृष्ठभागांचा आधार मिळून खर्ज आणखी फुगतो.

यावर एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. खोके तात्पुरते आपल्या बसण्याच्या जागी ठेवावे, खर्ज असलेले एखादे गाणे लावावे आणि भिंतीच्या कडेने ओणवे होऊन, कान जमिनीजवळ नेत फिरावे. काही ठिकाणी घुमेल, काही ठिकाणी आवाज पोकळ वाटेल. जेथे प्रत्येक सूर सारखा आणि नेटका ऐकू येईल, तेथे खोके ठेवावे. घरातील नातवंडे हे काम आनंदाने करतात.

त्यानंतर दोन कळा पाहाव्यात. एक, "क्रॉसओव्हर", म्हणजे कोणत्या कंपनसंख्येखालचे काम लहान स्पीकरकडून काढून खोक्याकडे द्यायचे ती हद्द. मोठ्या स्पीकरांसाठी ८० हर्ट्झ ही रूढ हद्द आहे. स्वस्त संचातील तळहाताएवढ्या स्पीकरांना इतका खालचा भार झेपत नाही. त्यांच्यासाठी १२० ते १५० हर्ट्झ ठेवावी, नाहीतर मधल्या पट्ट्यात खड्डा पडून पुरुषी आवाज कोरडे वाटतात. दुसरी कळ "फेज"ची. ती ० आणि १८० अशा दोन्हीकडे फिरवून, आसनावर खर्ज जिकडे भरीव वाटेल तिकडे ठेवावी.

शेवटी खोक्याची पातळी. बातम्या लावाव्यात. निवेदकाचा आवाज नैसर्गिक वाटला पाहिजे. तो माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला, तर खर्ज जास्त आहे असे समजून कळ मागे आणावी. खोके कोठे ठेवले आहे हे डोळे मिटून सांगता येऊ नये, ही योग्य मापाची खूण.

रात्रीची सोय आणि शेजारधर्म

बहुतेक संचांत आणि टीव्हींत "नाइट मोड", "डीआरसी" किंवा "ऑटो व्हॉल्यूम" अशा नावाची एक सोय दडलेली असते. ती कुजबुज वर उचलते आणि स्फोट खाली दाबते, म्हणजेच वर सांगितलेले मोठे अंतर घराच्या मापाचे करते. संगीताचे रसिक तिला नाके मुरडतात, आणि मैफलीच्या ध्वनिमुद्रणासाठी ती बंद ठेवावी हे खरेच. पण कुटुंबाने एकत्र चित्रपट पाहताना, विशेषतः रात्री, ती सुरू ठेवण्यात काहीच कमीपणा नाही. ज्या अ‍ॅपमध्ये वा टीव्हीत "संवाद स्पष्ट" करण्याचा स्वतंत्र पर्याय असेल, त्यात तोही आजमावावा. ओठांची हालचाल आणि शब्द यांत अंतर पडत असेल तर "ऑडिओ डिले" किंवा "लिप सिंक" या सेटिंगने ते जुळवून घ्यावे. ज्येष्ठ माणसे नकळत ओठ वाचूनही शब्द ओळखत असतात, म्हणून ही जुळणी त्यांच्यासाठी अधिक मोलाची आहे.

शेजाऱ्याचाही विचार हवा. वरच्या पट्ट्यातील आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते, खर्ज मात्र पलीकडे पोहोचतो. शेजाऱ्याला आपला चित्रपट ऐकू येत नाही, फक्त धडधड येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खोके जमिनीवर थेट न ठेवता जाड रबराच्या किंवा फोमच्या तुकड्यावर ठेवल्यास फरशीतून खाली जाणारी थरथर कमी होते.

आपल्या कानांचेही खाते सांभाळावे. प्रौढांनी आठवड्यात ८० डेसिबलला ४० तासांहून अधिक ऐकू नये, आणि लहान मुलांसाठी ही पातळी ७५ धरावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. आवाज ९० डेसिबलवर नेला की हीच ४० तासांची शिल्लक अवघ्या चार तासांत संपते.

खोलीचा वाटा

संचाइतकीच खोलीही आवाज घडवते. दिवाणखान्याच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवून पाहा. टाळीमागे झंकारासारखी शेपूट ऐकू आली, तर फरशी, काच आणि कोऱ्या भिंती आवाज परतवत आहेत असे समजावे. संवादातील एका अक्षराची शेपूट पुढच्या अक्षरावर पडते आणि शब्द पुसट होतात. उपाय घरातच असतो : स्पीकर आणि बैठक यांच्यामधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेच्या दारावर दुपदरी पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट. खर्जाचा घुमारा मात्र पडद्याने आवरत नाही. त्यासाठी खोके योग्य जागी ठेवणे हाच मार्ग.

आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांच्या घरी हे सर्व क्रमाने करून पाहण्याचा योग आला. संच पाच वर्षांचा, आणि बदलायचे ठरलेले. मधला स्पीकर खणातून बाहेर आला, मागचे दोन आठ डेसिबलने उतरवले, खोके कोपऱ्यातून चार फूट सरकवले, दुकानातलीच एक जाड सतरंजी अंथरली आणि ऑप्टिकल तार जोडली. दोन संध्याकाळी गेल्या. त्यानंतर त्यांच्या मातोश्री एक आख्खा चित्रपट शेवटपर्यंत बसून पाहू शकल्या, आणि मध्ये दोनदा "हा असं का म्हणाला?" असे विचारून कथानकावर वादही घातला. नव्या संचाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

खरेदी करायचीच झाली तर

खोक्यावर छापलेल्या हजारो वॅट "पीएमपीओ"च्या आकड्याला भुलू नये. त्या मोजणीला सर्वमान्य असे प्रमाणच नाही. ती ताळेबंदाबाहेरची मालमत्ता समजावी. "आरएमएस" हा आकडा विचारावा. त्यातही १०० ऐवजी २०० वॅट घेतल्याने वाढ होते ती फक्त तीन डेसिबलची, हे वरच्या हिशेबावरून ध्यानात येईल. वॅटपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात : डॉल्बी डिजिटल उलगडण्याची सोय, एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल खाच, प्रत्येक स्पीकरची पातळी स्वतंत्र कमी-जास्त करण्याची सोय, आणि मधल्या स्पीकरचा आकार. खोली लहान असेल आणि मागे तारा नेणे अवघड असेल, तर स्वतंत्र मधली वाहिनी असलेला ३.१ चा साउंडबार हा पाच निकृष्ट स्पीकरांपेक्षा शहाणपणाचा सौदा ठरतो. दुकानात स्फोटाचे दृश्य दाखवतात. आपण आग्रहाने दोन माणसांच्या संभाषणाचे दृश्य लावायला सांगावे, आणि तेही हळू आवाजात ऐकावे.

हे सर्व करूनही घरातील वडीलधाऱ्यांना शब्द उमगत नसतील, तर तो प्रश्न स्पीकरचा उरत नाही. अशा वेळी कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. चष्मा लावायला आपण संकोचत नाही. श्रवणयंत्राबाबत मात्र अजूनही संकोच आढळतो, आणि त्या संकोचात माणूस हळूहळू संभाषणातून, मग बैठकीतून बाजूला होत जातो. आता बरीच श्रवणयंत्रे टीव्हीचा आवाज थेट कानात घेऊ शकतात. तोपर्यंत पडद्यावर अक्षरपट्टी लावण्याची साधी सोय आहे. मुलांनी त्याला "चित्र झाकते" म्हणून हरकत घेऊ नये.

येत्या रविवारी फीत, मोबाइल आणि कागद-पेन्सिल घेऊन तासभर बसा. जोडणी, मांडणी, मोजणी, खर्ज आणि खोली या क्रमाने चालत जा, प्रत्येक बदलानंतर तोच एक संवादाचा प्रसंग पुन्हा ऐका, आणि शेवटी जुळलेले आकडे कागदावर लिहून खोक्याच्या मागे चिकटवून ठेवा. पुढे कोणी कळा फिरवल्याच, तर मूळ हिशेब हाताशी राहील.